ईसीएम गेला म्हणतात, पण गाडी बंद पडते फक्त पावसात

खारेवारे
मंडळी, नमस्कार. गाडी मारुती एस्टीम, 2001 ची, एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरांनी पेट्रोल उडवणारी. मी दुसरा मालक. म्हापसा ते पणजी रोजचं जाणं-येणं, कोरड्या दिवसांत गुमान चालते. पाऊस लागला, त्यातून रात्र असली किंवा घाटात धुकं असलं, की मिसिंग सुरू. आयडलला थडथडते, चेक लाइट भपकन पेटून विझते, मागून पेट्रोलचा वास येतो आणि कुठे थांबलो की बंद. जरा वेळ बाजूला लावून सेल्फ मारला की चालू, जसं काही झालंच नाही.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन कपलर (वायरी जोडणारे प्लग) काढून फुंकले आणि सांगितलं, "ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये पाणी गेलंय, भंगारातून एक बघतो." पैशांचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली. चवथीच्या आधी चोरल्याच्या घाटातून बेळगावला सासुरवाडीस जायचंय, त्यामुळे घाई आहे. पण काय बदलतोय ते कळल्याशिवाय बदलायचं नाही. घरात मल्टिमीटर आहे, प्लग-स्विच बघण्याइतपत येतो. ईसीएमकडे जाणाऱ्या वायरींचं जुडगं बघितलं की मात्र डोकं चालत नाही. कुठून सुरुवात करू?

तांबडीमाती
पावसात मिसिंग म्हणजे आधी प्लगच्या वायरी. रात्री अंधारात गाडी चालू ठेव, बॉनेट उघड आणि फवाऱ्याच्या बाटलीने बारीक पाणी शिंपड. करंट गळत असेल तर निळ्या ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. हात लावू नकोस म्हणजे झालं. आमच्या साखळीकडे त्या वायरींवर तांबडी धूळ बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. दर जूनला हीच रड.

पात्रांव
बाब, कशाला डोकं खातोस? ईसीएम बदल आणि मोकळा हो. भंगारात एस्टीमच्या रांगा लागल्यात.

निवृत्त वायरमन
पात्रांव, मोकळं कोण होणार, तो की त्याचं पाकीट?

खारेवारे, मी फोंड्याला आयुष्यभर गाड्यांच्या वायरिंगचंच काम केलं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात गाडी बंद पडली की कॉइल आणि पॉइंट बघायचे. 2000 साली धुराचे नवे नियम देशभर लागू झाले आणि बघता बघता छोट्या गाड्यांतही ईसीएम आला. तेव्हापासून ज्याचं कारण सापडत नाही ते ईसीएमच्या माथी मारायची रीत पडली. ईसीएम खराब होतच नाही असं नव्हे. नव्वदीतल्या काही ईसीएममधले कपॅसिटर गळतात आणि बोर्डावरचं तांबं खातात. बॅटरी न काढता बॉडीला वेल्डिंग मारलं किंवा जंप देताना प्लस-मायनस उलटं लागलं तर आतला ट्रान्झिस्टर उडतो. पण हा संशय सगळ्यांत शेवटी घ्यायचा. शिवाय गाडीत इमोबिलायझर, म्हणजे किल्ली ओळखणारं चोरीविरोधी कुलूप असेल तर भंगारातला ईसीएम तुझ्या किल्लीला ओळख देणार नाही, मग गाडी जागची हलायची नाही.

आता जुडगं. वायरी पन्नास असोत की ऐंशी, प्रत्येकीला पाचांपैकी एकच काम असतं. एक, ईसीएमला जेवण देणं, म्हणजे 12 व्होल्ट. हे दोन वाटांनी येतं. एक वायर बॅटरीकडून फ्यूजमधून थेट, किल्ली बंद असली तरी जिवंत, कारण ईसीएमची आठवण तिच्यावर टिकते. दुसरी मेन रिलेतून (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच), किल्ली ऑन केल्यावर. दोन, अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट. ही एक कधीच नसते, निदान दोन-तीन असतात आणि त्या बहुतेक इंजिनावरच एखाद्या बोल्टला येऊन बसतात. तीन, ईसीएम स्वतः तयार करतो ते 5 व्होल्ट, सेन्सरांना पोसायला. चार, सेन्सरांकडून आत येणारे निरोप. पाच, ईसीएमने बाहेर दिलेले हुकूम: इंजेक्टर, पेट्रोलच्या पंपाचा रिले, आयडलचा व्हॉल्व्ह, चेक लाइट.

पाचव्या कामात पोरं फसतात. इंजेक्टरला दोन वायरी. एकीवर किल्ली ऑन असताना कायम 12 व्होल्ट. दुसरी ईसीएमकडे जाते आणि ईसीएम तिला काही मिलिसेकंद अर्थ करतो, तेवढाच वेळ पेट्रोल उडतं. म्हणजे ईसीएम करंट देत नाही, वाट मोकळी करून देतो. किल्ली ऑन पण इंजिन बंद असताना टेस्ट लॅम्पची चिमटी बॉडीला लावून टोक इंजेक्टरच्या दोन्ही वायरींना लाव, दोन्हीकडे दिवा लागेल, कारण इंजेक्टरच्या कॉइलमधून 12 व्होल्ट पलीकडे पोचतातच. पोरगं म्हणतं "दोन्हीकडे करंट आहे, शॉर्ट आहे." काही शॉर्ट नसतं. त्या वायरीसाठी दिव्याची चिमटी बॅटरीच्या प्लसला लावायची आणि सेल्फ मारायचा. दिवा लुकलुकला तर ईसीएम हुकूम देतोय.

आधी एवढं बघ: बॅटरीचे व्होल्ट, गाडी चालू असतानाचे व्होल्ट, सेन्सरवरचे 5 व्होल्ट आणि चेक लाइटचे कोड, म्हणजे ती लुकलुकून दोषाचा जो आकडा सांगते तो. मग बोलू.

आबोली
काकांनी वाट नीट दाखवली आहे, त्यात थोडी भर. मी आयटीआयमध्ये शिकवते, मुलांना नेमकं इथेच अडखळताना बघते.

5 व्होल्टची वायर सहसा एका सेन्सरची नसते. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, दाबाचा सेन्सर आणि थ्रॉटलचा सेन्सर तिच्यावर एकत्र बसतात. त्यामुळे एकाने मान टाकली की दोघांचेही आकडे चुकतात आणि कोड दोघांचेही येतात. वर्कशॉपमध्ये एक झेन आली होती, दोन्ही सेन्सर बदलून झालेले, तरी तेच. थ्रॉटलच्या कपलरवर 5 च्या जागी अर्धा व्होल्टही नव्हता. ईसीएम गेला म्हणून सगळे मोकळे झाले होते. मीटर तिथेच धरून ठेवला आणि एकेक कपलर काढत गेलो. दाबाच्या सेन्सरचा कपलर निघाला आणि मीटरवर टकन 5 आले. नवा म्हणून बसवलेला सेन्सरच आतून शॉर्ट होता. ईसीएमने स्वतःला वाचवायला ती लाइन खाली आणली होती, एवढंच. आणि या लाइनवर टेस्ट लॅम्प अजिबात लावू नये. बल्ब जेवढा करंट खेचतो तेवढा देण्याची तिची ताकद नसते. मल्टिमीटर जवळपास काहीच खेचत नाही, म्हणून इथे तोच.

पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरला दोनच वायरी असतात. तो थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी. आपल्याकडच्या सकाळी दीड-दोन किलोओमच्या आसपास, इंजिन 80 अंशांना आलं की तीनशे ओमच्या घरात. कपलर काढलात तर ईसीएमला वाटतं गाडी शून्याच्या कितीतरी खाली उभी आहे. बरेच ईसीएम मग चेक लाइट लावतात, एक ठरीव आकडा धरून चालतात आणि रेडिएटरचा फॅन फिरवत ठेवतात.

डायग्राम मिळाला तर एक गोष्ट पक्की बघा. कपलरचं चित्र वायरींच्या बाजूने काढलंय की पिनांच्या बाजूने? दोन्हींत डावं-उजवं उलटं होतं. एकदा उलटं धरलं की तासभर भलत्याच वायरीवर मीटर लावून बसतो आणि सगळेच आकडे चुकीचे वाटतात.

पात्रांव
रंगावरून नाही कळत? लाल प्लस, काळी अर्थ, संपलं.

आबोली
घरच्या बोर्डात चालेल ते. गाडीत रंग कंपनीगणिक बदलतात. जपानी डायग्राममध्ये इंग्रजी बी म्हणजे काळा, आणि निळ्याला एल लिहितात, कारण बी आधीच वापरून झाला. मध्ये तिरकी रेघ असेल तर आधीचं अक्षर वायरीचा मूळ रंग, नंतरचं तिच्यावरच्या पट्टीचा. जर्मन पद्धतीत, म्हणजे आपल्याकडे ओपल ॲस्ट्रा वगैरे, तपकिरी वायर अर्थ असते. आणि पंचवीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेली पांढरी वायर पिवळी दिसते, पिवळी तपकिरी दिसते. ईसीएमजवळ, डॅशखाली सावलीत राहिलेल्या टोकाचा रंग त्यातल्या त्यात खरा.

सायलोवाला
धाग्यात घुसतो, माफी असावी. माझ्याकडे देवूची सिएलो आहे, 1996 ची. ऑनलाइन मिळणारा तो छोटा ब्लूटूथ स्कॅनर घेतला, पण सॉकेटच जुळत नाही. अडॅप्टर घेऊ का?

निवृत्त वायरमन
नको, पैसे ठेव खिशात. तो स्कॅनर 16 पिनांच्या सॉकेटसाठी आणि ठरावीक भाषांसाठी आहे. आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून सांगण्याच्या सोयीची, सक्ती धुराच्या भारत स्टेज 4 नियमांबरोबर 2010 पासून आली आणि दुसरा टप्पा 2013 ला. त्याआधीच्या गाड्यांत कंपनीला हवं ते. काहींत 16 पिनांचं सॉकेट दिसतं, पण आत कंपनीची स्वतःची भाषा असते, स्कॅनर नुसता गरगरत बसतो. सिएलोचं सॉकेट जनरल मोटर्सच्या पद्धतीचं, 12 पिनांचं. त्यात ए आणि बी या पिना तारेने जोडून किल्ली ऑन केली की चेक लाइटच लुकलुकून कोड सांगते. फुकटात काम होतं. ते करून बघ आणि इथेच लिही.

खारेवारे
काका, ताई, जमलं तसं सगळं केलं. शुक्रवारी बाजार उरकून दुपारभर हेच.

बॅटरी 12.6, गाडी चालू असताना 14.1. थ्रॉटलच्या कपलरवर 4.98. पाण्याचा सेन्सर थंड इंजिनाला 1.8 किलोओम. कोडसाठी डायग्नोसिसच्या कपलरमध्ये तार टाकली, तर एक लुकलुक, मग दोन, पुन्हा पुन्हा तेच. शोधून पाहिलं तर सुझुकीच्या त्या काळच्या पद्धतीत 12 म्हणजे सगळं ठीक. तांबडीमाती यांनी सांगितलं तसं रात्री पाणीही शिंपडलं. प्लगच्या वायरींवर, कपलरांवर, शेवटी वैतागून ईसीएमच्या आसपासच्या कार्पेटवरसुद्धा. ठिणगी नाही, थडथड नाही, मजेत चालू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पर्वरीला पाऊस लागला आणि पुलाच्या अलीकडे बंद. आता सांगा.

तांबडीमाती
म्हणजे पाण्याने नाही होत. पावसाने होतं. हे तर भुताचं प्रकरण झालं.

पात्रांव
मी सांगत होतो. ईसीएम!

बेळगावी
वाचतोय पहिल्यापासून. खारेवारे, एक साधं विचारतो. पाऊस लागला की तुम्ही गाडीत काय काय चालू करता? वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, हेडलाइट, आणखी काय? आणि बंद पडल्यावर बाजूला लावता तेव्हा त्यातलं काय काय बंद करता?

खारेवारे
वायपर, ब्लोअर, हेडलाइट. आणि फॉग लॅम्प. आधीच्या मालकाने पुढच्या बंपरात बसवून घेतलेत, पिवळे, चोरल्याला फार उपयोगी. बाजूला लावल्यावर बॅटरी उतरू नये म्हणून सगळंच बंद करतो. थांबा. म्हणजे?

निवृत्त वायरमन
बेळगावकर, हात द्या इकडे. हा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता.

खारेवारे, आता कोरड्यातच बघ. गाडी घरासमोर आयडलला ठेव आणि एकेक बटण दाबत जा. कोणत्या बटणाला इंजिनाचा सूर बदलतो ते सांग. आणि मीटर असा लाव: काळं टोक बॅटरीच्या मायनसवर. क्लॅम्पवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच. लाल टोक ईसीएमच्या कपलरच्या मागून अर्थच्या वायरीत, बारीक सुईने, इन्सुलेशन न फाडता. मीटर डीसी व्होल्टवर, 2 व्होल्टच्या रेंजला. गाडी चालू. अर्थ म्हणजे शून्य असायला हवं. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगली. वर असेल तर तुझा रोग तिथे आहे.

ओममध्ये मापू नकोस. मीटरच्या वायरींचाच 0.2-0.3 ओम असतो, त्यात बारीक दोष बुडून जातो. वायरीच्या आतल्या तारा तुटून एकच उरली असेल तरी ओमवर शून्य दाखवील, बझर छान वाजेल, आणि करंट जाऊ लागला की तीच तार गळपटेल. वायर कामाला लागलेली असतानाच तिची परीक्षा घ्यायची.

खारेवारे
सापडलं बहुतेक!

काही चालू नसताना 0.02. वायपर 0.02, ब्लोअर 0.02, हेडलाइट लावले तरी तेवढंच. फॉग लॅम्पचं बटण दाबलं आणि मीटरवर 0.94. त्याच क्षणी आयडल खाली बसलं. मीटर तसाच ठेवून मुलाला बॉनेटखाली वायरी हळूच हलवायला सांगितल्या. इनटेक मॅनिफोल्डजवळचं जुडगं हलवलं तसा आकडा नाचू लागला, 2 च्याही वर गेला, चेक लाइट किल्ली ऑन करताना लागते तशी एकदा लागून विझली, कुठूनतरी रिलेची कटकट ऐकू आली आणि गाडी बंद. पाऊस नाही, पाणी नाही, ऊन पडलेलं.

मॅनिफोल्डवर एक बोल्ट आहे, त्याखाली रिंगा एकावर एक. दोन मूळच्या, कारखान्याच्या टेपमधून येणाऱ्या. त्यांच्यावर तिसरी, जाड काळ्या वायरीची, बाहेरून टाकलेली. ती धरून गेलो तर सरळ फॉग लॅम्पला पोचलो. बोल्ट काढल्यावर खाली पांढरी भुकटी आणि रिंगेच्या कडेला हिरवा गंज. फोटो उद्या टाकतो.

आबोली
खारेवारे, गणित मांडते, म्हणजे पात्रांव यांचंही समाधान होईल. फॉग लॅम्प 55 वॉटचे दोन, म्हणजे 110 वॉट, 12 व्होल्टला भागलं तर नऊ अँपिअरच्या आसपास. तुमच्या बोल्टखालच्या गंजाने फक्त 0.1 ओम अडवणूक केली असेल तरी नऊ गुणिले 0.1, म्हणजे 0.9 व्होल्ट. तुमच्या 0.94 शी ते जुळतंच. दिव्यांना त्याने फारसं बिघडत नाही, किंचित मंद होतात. पण त्याच बोल्टवर ईसीएमची अर्थ आहे. फॉग लॅम्प लावले की ईसीएमची जमीनच जवळजवळ एक व्होल्ट वर उचलली जाते.

पेट्रोलचा वासही यात बसू शकतो. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टच्या मध्ये खालीवर करतो, साधारण 0.45 ला ईसीएम मिश्रण बरोबर धरतो. तो सेन्सर एकाच वायरीचा असेल तर त्याची अर्थ पाइपातून, म्हणजे इंजिनातून येते. इंजिन शून्यावर, ईसीएम 0.9 वर. मग सेन्सर काहीही म्हणाला तरी ईसीएमला ते शून्याच्या खालीच दिसतं. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी ओतत राहतो. दाबाच्या आणि थ्रॉटलच्या सेन्सरांची अर्थ ईसीएममधूनच परत येते, ते ईसीएमबरोबरच वर उचलले जातात, म्हणून त्यांचं आपसांत बिनसत नाही. बोल्ट हलला आणि आकडा 2 च्या वर गेला तेव्हा मात्र ईसीएमला उभं राहायलाच जागा उरली नाही, तो रीसेट झाला.

कोड का आला नाही, हेही त्यातूनच कळतं. ईसीएम बहुतेक वेळा एवढंच बघतो की सेन्सरचा निरोप ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे की नाही. स्वतःची अर्थ वर गेली की त्याची मोजपट्टीच सरकते. सरकलेल्या पट्टीने मोजणाऱ्याला ती सरकली आहे हे कसं कळणार?

निवृत्त वायरमन
सगळ्या घरांचं सांडपाणी एका गटारात सोडलं आणि गटार तुंबलं, की शेजाऱ्याच्या न्हाणीत पाणी चढतं. अर्थचंही तेच. फॉग लॅम्प बसवणाऱ्याने हाताशी आलेला बोल्ट पकडला, तिथे आधीच रिंगा दिसल्या म्हणजे अर्थ चांगलीच असणार असं त्याला वाटलं. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी, रिंग पितळी किंवा कथिल दिलेल्या तांब्याची. तीन धातू एकत्र, त्यात आपला खारा वारा आणि चार महिन्यांची ओल. ॲल्युमिनियमवर जी पांढरी भुकटी जमते ती करंट जाऊच देत नाही. किनारपट्टीच्या गाड्यांत, बागा-कळंगुटकडच्या तर विशेष, मी हे कितीदा पाहिलंय.

आता हे कर. बॅटरीचा मायनस काढ. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास, बोल्टचा आटाही ब्रशने साफ कर. मूळच्या दोन रिंगा हिरव्या झाल्या असतील तर कापून नव्या लाव. वायर कापल्यावर आतलं तांबं काळं दिसलं तर आणखी मागे काप. ओल इन्सुलेशनच्या आतून वर चढते, वायर बाहेरून नवी दिसते आणि आतून कुजलेली असते. तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे जायचं. दातेरी वॉशर घालून आवळ, आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलिन. आधी नाही. फॉग लॅम्पची वायर तिथे परत येता कामा नये. ती लॅम्पजवळ बॉडीला, रंग खरवडून, नाहीतर सरळ बॅटरीच्या मायनसला.

तांबडीमाती
रिंग दाबून लावायची की डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचं? मी नेहमी डाग देतो. दाबलेली निसटते.

आबोली
इंजिनावर असेल तर मी दाबूनच लावीन, नीट क्रिम्पिंगच्या पक्कडीने. डाग दिला की शिसं तारांमधून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि थरथरीने नेमका त्याच्या कडेला तुटतो. वर आतून गोंद असलेली स्लीव्ह. काळी टेप नको, आपल्याकडच्या उन्हात तिचा चिकट लगदा होतो.

निवृत्त वायरमन
ताई, मी दिलेले डाग अजून चालताहेत, निम्म्या गाड्या भंगारात गेल्या तरी. वायरीला मागे आधार दिला, लोंबकळत ठेवली नाही, की डागाला काही होत नाही. दाबायची पक्कड चांगली नसेल तर दाबलेलं काम डागापेक्षा वाईट. गॅरेजात बघा, साध्या पक्कडीने चेचतात नुसते.

आबोली
तेही खरंच. आमच्या वर्कशॉपात चांगली पक्कड एकच आहे आणि ती कायम कुणीतरी नेलेली असते.

तांबडीमाती
काहीही करा, ते सुरीसारखं पातं असलेले निळे क्लिप तेवढे लावू नका. धावत्या वायरीत खुपसून फाटा काढायचे ते. म्युझिक सिस्टिमवाले आणि अलार्मवाले लावतात. दोनेक पावसाळ्यांत वायर आतून हिरवी. आणि उंदीर! पावसात उबेला इंजिनावर येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. कुरतडलेल्या जागी दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर कोड वेगळाच येतो.

खारेवारे
काम झालं. मूळच्या दोन्ही रिंगा कापल्या, एका वायरीचं तांबं बोटभर मागेपर्यंत काळं होतं. क्रिम्पिंगची पक्कड शेजाऱ्याकडून मिळाली, तेव्हा ताईंच्या बाजूने मत पडलं. फॉग लॅम्पची अर्थ हेडलाइटच्या मागे बॉडीला नेली. सगळे दिवे, वायपर, ब्लोअर, फॉग लॅम्प, सगळं चालू करून ईसीएमच्या अर्थवर 0.02. जुडगं हलवून बघितलं, आकडा ढळला नाही.

काल रात्री धो धो पावसात पेडण्यापर्यंत जाऊन आलो, फॉग लॅम्प लावून. काही नाही. गॅरेजवाल्याला फोन केला, म्हणाला, "बरं झालं, पण ईसीएम एकदा बघून घ्या."

ऑक्सिजन सेन्सर किती वायरींचा आहे ते अजून बघितलं नाही, खाली शिरायला लागतं. पाऊस उघडला की बघतो.

पात्रांव
बरं बाब, मानलं. पण भंगारातला एखादा ईसीएम घरात असलेला बरा, हे माझं मत कायम.

सायलोवाला
आता माझं घ्या. ए आणि बी जोडले, चेक लाइट 12 दाखवते. म्हणजे माझंही सगळं ठीकच? पण गाडी चालू होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, पेट्रोल भरलेलं आहे.

निवृत्त वायरमन
तुझा 12 आणि त्याचा 12 वेगळा. जनरल मोटर्सच्या पद्धतीत 12 म्हणजे ईसीएमला इंजिन फिरत असल्याचे पल्स येत नाहीत. किल्ली ऑन आणि इंजिन उभं, तर ते येणारच, म्हणून तो दिसायलाच हवा. त्याने एवढंच कळलं की ईसीएम जागा आहे, त्याला जेवण पोचतंय आणि चेक लाइटची वायर धड आहे. तेही कमी नाही.

आता शांत जागी काचा वर करून किल्ली ऑन कर, सेल्फ मारू नकोस. मागून पंपाची दोन-तीन सेकंद घरघर ऐकू येते का?

सायलोवाला
नाही. एकदम शांत. फ्यूज बघितला, चांगला आहे.

निवृत्त वायरमन
मग पंपाचा रिले. त्याच्या सॉकेटात आकडे असतील: 30 वर कायम प्लस, 87 पंपाकडे जाते, 85 आणि 86 मधली कॉइल रिले ओढते. रिले काढून 30 वर दिवा लागतो का बघ. लागला तर 30 आणि 87 फ्यूज असलेल्या तारेने क्षणभर जोड. पंप घुरघुरला तर पंप आणि त्याची वायर दोन्ही चांगली, उरला तो रिले किंवा त्याला मिळणारा हुकूम.

हुकूम बघताना मात्र सांभाळ. सुझुकीत ईसीएम बहुधा रिलेच्या कॉइलची अर्थ बाजू ओढतो, म्हणून दिव्याची चिमटी प्लसला लावतात. जनरल मोटर्सच्या पद्धतीत उलट, तिथे ईसीएम रिलेला प्लस देतो आणि दुसरं टोक कायम अर्थ असतं. चिमटी चुकीच्या बाजूला लावलीस तर दिवा भलतंच सांगेल आणि चांगला ईसीएम काढून ठेवशील. तेव्हा डायग्रामचं ते पान आधी काढ, 85 आणि 86 पैकी ईसीएमकडे जाणारी वायर कोणती आणि तिचा रंग काय ते इथे लिही, मग दिवा कुठे लावायचा ते सांगतो.